शनिवारवाडा ते मंडई: पायी जाताना नेमके काय पाहायचे?

अनवाणी
सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी आईला घेऊन शनिवारवाड्यापासून महात्मा फुले मंडईपर्यंत पायी गेलो. आईचे बालपण बुधवार पेठेत गेले. लग्नानंतर ती सोलापूरला गेली आणि पुढे पुण्यात आली ती लग्नकार्यांपुरतीच, त्यामुळे एकदा निवांतपणे तो सगळा रस्ता पायाखालून घालावा, अशी तिची जुनी इच्छा होती. आम्ही शिवाजी रस्त्याने सरळ दक्षिणेकडे गेलो. अर्ध्या तासात मंडई आली. या अर्ध्या तासात आम्ही दुकानांच्या पाट्या पाहिल्या, दुचाकी चुकवल्या आणि दगडूशेठ गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले. ज्याला इतिहास म्हणता येईल असे शनिवारवाड्याच्या तटानंतर मला काहीच दिसले नाही.

आई मात्र वाटेत तीन ठिकाणी थांबली आणि तिन्ही वेळा "इथे काहीतरी होते" एवढेच म्हणाली. पहिले ठिकाण फरासखान्याजवळचे, दुसरे दगडूशेठ मंदिराच्या समोरच्या बाजूचे आणि तिसरे बेलबागेच्या थोडे अलीकडे, एका गल्लीच्या तोंडाशी. तिला नेमके आठवेना आणि मला काही सांगता येईना.

माझे प्रश्न दोन आहेत. हा टप्पा पायी पाहायचा असेल, तर कोणत्या वाटेने आणि कुठे थांबत जावे? दुसरा प्रश्न थोडा खवचट आहे: जिथे जुने काहीच उरलेले नाही, त्या रस्त्याला आपण केवळ सवयीने ऐतिहासिक म्हणत असतो का?

कसब्याचा
आपण चाललात तो रस्ताच चुकीचा होता, असे स्पष्ट लिहितो. राग मानू नये. शिवाजी रस्ता आणि त्याला समांतर जाणारा बाजीराव रस्ता यांची नावे जुनी वाटली, तरी त्यांची आजची रुंदी विसाव्या शतकातली आहे आणि ती दोन्ही बाजूंची घरे कापून मिळवलेली आहे. पेशवाईतला पुणेकर ज्या वाटांनी चालत असे, त्या वाटा या मोठ्या रस्त्यांना छेदणाऱ्या बोळांमध्ये आणि आळ्यांमध्ये आहेत. इतिहास पाहायला निघालेला माणूस मोठ्या रस्त्याने सरळ गेला, तर त्याला गेल्या शंभर वर्षांची बाजारपेठ दिसणार, दुसरे काय दिसणार?

सुरुवातही शनिवारवाड्यापासून करू नये. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, दोन्ही दिवस शनिवार. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी जिजाबाई आणि शिवाजीराजे कसब्यात राहत होते. म्हणून आधी कसबा गणपतीला जावे, तिथून लाल महालाकडे यावे आणि मग शनिवारवाडा पाहावा. आज उभा असलेला लाल महाल महापालिकेने १९८८ मध्ये बांधून पूर्ण केलेला आहे. मूळ वास्तूची वीटही तिथे नाही. तरीही शाहिस्तेखानावरचा १६६३ चा छापा याच परिसरात पडला, हे लक्षात घेऊन तिथे पाच मिनिटे उभे राहायला हरकत नाही.

वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांनाही आधी वेगळी नावे होती. आपल्या मातोश्रींची बुधवार पेठ ही एके काळची मोहियाबाद, शनिवार म्हणजे मुर्तुजाबाद आणि शुक्रवार म्हणजे विसापूर.

एकमार्गी
शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता, दोन्ही एकेरी वाहतुकीचे आहेत. पादचाऱ्याने मात्र दोन्ही दिशांना पाहावे आणि पदपथावर असल्यास पाठीमागेही पाहावे.

देवडी
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

अनवाणी यांना काही दिसले नाही यात त्यांचा दोष नाही, कारण पुण्याचा वाडा रस्त्यावरच्या माणसाला काही दाखवण्यासाठी बांधलेलाच नव्हता. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत, तीत एक दरवाजा, दरवाजात वाकून जावे लागेल अशी दिंडी आणि आत शिरल्यावर पहारेकऱ्याची देवडी, एवढेच बाहेरच्याला कळत असे. घराचे सगळे वैभव आतल्या चौकाभोवती असे. ओसरी, सोपा, माजघर, केळफुलांची नक्षी असलेल्या महिरपी, हे सगळे त्या चौकाकडे तोंड करून असे आणि रस्त्याकडे वाड्याची पाठ असे. तेव्हा अशा शहरात रस्त्याने चालत जाऊन इतिहास शोधणे, म्हणजे पाठ पाहून चेहरा ओळखण्यासारखे आहे.

पुढे काळ बदलला. रस्त्याच्या बाजूच्या खोल्यांना मोठी दारे पाडून दुकाने झाली, वरच्या मजल्याला लाकडी सज्जे आले आणि वाडा प्रथमच रस्त्याकडे पाहू लागला. म्हणून चालताना नजर दुकानाच्या पाटीच्या वर ठेवावी. पाटीच्या वर, विजेच्या तारांच्या मागे, अजूनही कित्येक ठिकाणी लाकडी तीर म्हणजे तुळया, त्यांना पेलणारे कोरीव हस्त आणि सळयांच्या खिडक्या आहेत. दुकानदार खालचा मजला दर दहा वर्षांनी बदलतो, वरचा मात्र त्याच्या लक्षातही नसतो आणि म्हणूनच तो टिकतो.

रस्त्याला पाठ न दाखवणारा एक वाडा पाहायचा असेल, तर बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा पाहावा. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधून घेतला. त्याचा रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि वरची नक्षी पदपथावर उभे राहूनही नीट दिसते. पेशवाई गेल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि तीच पुढे डेक्कन महाविद्यालयापर्यंत वाढत गेली. १८७९ च्या मे महिन्यात या वाड्याला आणि बुधवारवाड्याला आगी लावण्यात आल्या. बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाडा दुरुस्त होऊन राहिला. पुढे अनेक वर्षे पुणे नगरपालिकेचे कार्यालयही इथेच होते. एकाच इमारतीने पेशव्याचे निवासस्थान, पाठशाळा आणि नगरपालिका एवढे सगळे पाहावे, अशी उदाहरणे पुण्यातही थोडीच आहेत.

चौकस
देवडीताईंचे लेखन मला नेहमीच आवडते, परंतु या विषयावर सज्जांपलीकडचेही कोणी बोलले पाहिजे.

मी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत शनिवार पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहिलो. चौदा बिऱ्हाडे आणि दोन संडास, अशी व्यवस्था होती. पावसाळ्यात माळवदातून गळणाऱ्या पाण्याखाली कोणते भांडे कुठे ठेवायचे, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ होते. भाडे इतके कमी होते की त्यात मालकाला वर्षाला एक खांबही बदलता आला नसता, आणि भाडेकरूंना वाटे की दुरुस्ती हे मालकाचे काम आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते आणि वाडा मात्र दोघांच्या मध्ये खचत गेला. त्याआधी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हाच मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे बसले होते. आमचा वाडा एक भिंत गमावून वाचला, असे वडील सांगत.

शेवटी वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा आमच्या घरात कोणीही रडले नाही. आईने नव्या न्हाणीघराला हळदकुंकू लावले. बाहेरून फिरायला येणाऱ्यांना जे नाहीसे झाल्याची हळहळ वाटते, ते आत राहणाऱ्यांना अनेकदा नकोसे झालेले होते, एवढेच मला नम्रपणे सुचवायचे आहे.

देवडी
चौकस यांचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. गळक्या छताखाली कोणी राहावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे की वाडा पाडताना त्याचा साधा आराखडाही कोणी काढून ठेवत नाही. लाकूड विकले जाते, दरवाजा एखाद्या उपाहारगृहाच्या शोभेसाठी जातो, आणि चौदा बिऱ्हाडे नेमकी कशी बसली होती, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

विटकरी
अनवाणी यांच्या आईंनी सांगितलेल्या पहिल्या ठिकाणाबद्दल माझा तर्क देतो. फरासखान्याजवळ त्या थांबल्या असतील, तर त्यांना बाहुलीचा हौद आठवत असावा.

या हौदाची हकिगत सांगण्यासारखी आहे. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामवंत शल्यचिकित्सक होते आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी होते. त्यांनी आपल्या काशीबाई नावाच्या लेकीला शिकवायला सुरुवात केली, हे नात्यातल्या काहींना रुचले नाही. ती मुलगी १८७७ मध्ये लहान वयातच गेली. तिला खाण्यातून काचांचा चुरा दिला गेला, असे पुण्यात आजही सांगितले जाते. तिला लाडाने बाहुली म्हणत. वडिलांनी तिच्या नावाने हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. १८८० च्या सुमारास, ज्या काळी पाण्यावरून माणसे दूर लोटली जात होती, त्या काळी भर बुधवार पेठेत असा हौद बांधणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

हौदांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी नळातून शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी नळातली हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास ठेवले होते आणि शहरात ते पाणी हौदांत पडत असे. काळा हौद, नाना हौद, फडके हौद ही त्यांतली काही नावे. म्हणजे आपण पेठांतून चालतो, तेव्हा पायाखालून अडीचशे वर्षांपूर्वीचा एक पाणीपुरवठा जात असतो. वर पाहा असे देवडीताईंनी सांगितले, मी खाली पाहा असे सांगतो.

एकमार्गी
वर पाहिले तर खड्डा, खाली पाहिले तर रिक्षा. दोन्ही सूचनांची नोंद घेतली आहे.

परगावचा
मी मूळचा नांदेडचा, पुण्यात येऊन सहा वर्षे झाली. मागच्या वर्षी पैसे भरून एका वारसा फेरीला गेलो होतो. आयोजकांचे नाव घेत नाही. मार्गदर्शकाने तीन वेगवेगळ्या भिंतींकडे बोट दाखवून प्रत्येक वेळी "ही मस्तानीची" असे सांगितले, तेव्हा माझा विश्वास उडाला. एका जिज्ञासू बाईंनी चौथी भिंत दाखवून "मग ही कोणाची?" असे विचारले, तर ती सार्वजनिक स्वच्छतागृहाची निघाली.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. इथल्या देवांची नावे अशी का आहेत? पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, भांग्या मारुती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. आमच्याकडे विठोबाला कोणी उपाशी ठेवत नाही.

कसब्याचा
मस्तानीसाठी भिंती शोधत फिरण्याची गरज नाही. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन जोडलेले आहेत आणि तिथे ते तिकीट काढून पाहता येतात. शनिवारवाड्याच्या एका दरवाज्याला मस्तानी दरवाजा म्हणतात, त्यापलीकडे या परिसरात तिचे नाव घेऊन काही दाखवणाऱ्याकडे पुरावा मागावा.

देवांच्या नावांचे म्हणाल, तर त्यांत इतिहासापेक्षा पत्ता अधिक आहे. पासोड्या विकणाऱ्यांच्या शेजारचा तो पासोड्या विठोबा, जिलबीच्या दुकानाजवळचा तो जिलब्या मारुती आणि जिथे भांग मिळे तो भांग्या मारुती. घरांना क्रमांक नसलेल्या शहरात पाहुण्याला घर सापडावे कसे, तर असे. पासोडी आता कोणी पांघरत नाही, पण पत्ता तोच आहे. रस्त्यावर उरलेला इतिहास कुठे आहे, असे अनवाणी यांनी विचारले होते, त्याचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर हे आहे.

खडीसाखर
अप्पा बळवंत चौक हाही असाच पत्ता आहे. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांसाठी तिथे रांगेत उभ्या असलेल्या पालकांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे नाव पानिपतच्या मोहिमेशी जोडलेले आहे? बळवंतराव मेहेंदळे हे भाऊसाहेबांबरोबर उत्तरेत गेले आणि डिसेंबर १७६० मध्ये, मोठ्या युद्धाच्या महिनाभर आधी, चकमकीत पडले. त्यांचा मुलगा तो अप्पा बळवंत. त्याचा वाडा या चौकात होता. आज तिथे गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच मिळतात, आणि आपली पिढी त्या चौकाला इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखते.

तांब्या
आमचे घर कसब्यात तांबट आळीजवळ आहे. या धाग्यावर सगळे जण डोळ्यांनी पाहण्याचेच बोलत आहेत, म्हणून कानांच्या वतीने लिहितो.

तांबट मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यात आली आणि आजही या आळीत हातोड्याचा आवाज येतो. हंडे, घंगाळी, बंब हा मूळ धंदा. घडवलेल्या भांड्यावर हातोडीने एकसारख्या खळग्यांची नक्षी उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात. ती शोभेसाठी असते असे लोकांना वाटते, परंतु ठोकण्याने तांबे कडक होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही चेपत नाही, हे तिचे खरे कारण आहे. एका ठोक्याशेजारी दुसरा ठोका नेमका पडावा लागतो; चुकला तर डोळ्याआधी कानाला कळते, असे म्हातारे कारागीर सांगत. रविवारी बहुतेक काम बंद असते, त्यामुळे अनवाणी यांनी पुढच्या वेळी कामाचा दिवस निवडावा.

मंडईकर
उशिरा लिहितो आहे, परंतु मूळ प्रश्न शनिवारवाडा ते मंडई असा आहे आणि या दोन टोकांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे अजून कोणीच सांगितले नाही.

पुण्याची भाजी मंडई पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. १८२८ च्या आगीत वाडा आतून जळून गेला होता, सत्ता तर दहा वर्षे आधीच गेली होती, आणि पेशव्यांच्या दिल्ली दरवाज्यापुढे शेतकरी मेथी आणि वांगी मांडून बसत. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत नवी दगडी मंडई बांधली आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. म्हणून तिचे नाव रे मार्केट. अष्टकोनी मनोरा असलेली ती इमारत वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधली. म्हणजे अनवाणी ज्या दिशेने चालत गेले, त्याच दिशेने १८८६ मध्ये पुण्याचा सगळा भाजीबाजार उठून गेला होता. या टप्प्याला ऐतिहासिक म्हणायला मला तरी एवढे पुरे आहे.

पुढची गंमत अशी की या मंडईवर खर्च करायला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला, त्यांत जोतीराव फुले होते. गरिबांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करून इमारतीवर पैसा ओतणे त्यांना पटत नव्हते. आणि अर्ध्या शतकानंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव दिले गेले. जोतीराव असते, तर त्यांनी या नामकरणालाही विरोध केला असता, असे आमचे आजोबा म्हणत. आजोबांचा गाळा होता, त्यामुळे त्यांचे मत नि:पक्ष धरू नये.

चौकस
मंडईकर, हा संबंध माझ्याही कधी लक्षात आला नव्हता. मात्र एक शंका आहे. शनिवारवाड्यापुढे बसणारे सगळे विक्रेते आनंदाने नव्या इमारतीत गेले असतील, असे वाटत नाही. आज पदपथावरच्या विक्रेत्यांना हलवताना जे होते, तेच तेव्हाही झाले असणार.

मंडईकर
आनंदाने कोण जातो? गाळ्याला भाडे असते, जमिनीवर पथारी टाकायला नसते. आजही इमारतीच्या आत जेवढी भाजी आहे, तेवढीच बाहेर आहे.

देवडी
फुल्यांचा उल्लेख आला, म्हणून अनवाणी यांच्या आईंनी सांगितलेल्या दुसऱ्या ठिकाणाबद्दल लिहिते. दगडूशेठ मंदिरासमोर जे "काहीतरी होते", तो भिडेवाडा. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथे सुरू केली. स्मारकासाठी जागा ताब्यात घेण्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि तो संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेली ती वास्तू उतरवण्यात आली.

याच धाग्यावर मी आराखड्यांबद्दल तक्रार केली होती, त्यामुळे या पाडकामाबद्दल माझे मन दुभंगलेले आहे, हे मोकळेपणाने सांगते. वास्तू धोकादायक झाली होती आणि स्मारक व्हायलाच हवे. तरीही सावित्रीबाई ज्या जिन्याने चढत असतील, तो जिना जाऊन त्या जागी नवी इमारत येणे, हे लाल महालासारखेच होणार. लाल महालापाशी पाच मिनिटे थांबा असे कसब्याचा यांनी सांगितले आहे. भिडेवाड्याच्या जागेपाशी दहा मिनिटे थांबा.

निवांत
चालण्याबद्दल एक व्यावहारिक माहिती. महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवते. मी दोनदा गेलो आहे. रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही बाजूंच्या इमारती पाहता येतात, आणि एरवी त्या आपण कधीच पाहिल्या नव्हत्या, हे तेव्हा कळते.

तांब्या
वर्षातून दुसरा असा दिवस म्हणजे अनंत चतुर्दशी. मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघते. आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, असे मानाचे पाच गणपती बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागतात. त्या दिवशी रस्ता पूर्णपणे चालणाऱ्यांचा असतो.

एकमार्गी
त्या दिवशी आपण चालत नसतो, आपल्याला चालवले जाते.

खडीसाखर
तुळशीबागेबद्दल कोणी लिहीत नाही, कारण इथले बहुतेक लेखक पुरुष दिसतात आणि त्यांची तिथली आठवण पिशव्या धरून उभे राहण्याची असावी. पिशव्या धरायच्याच असतील, तर राममंदिराच्या सभामंडपात जाऊन बसावे. पुण्याचे सुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ च्या सुमारास या मंदिराचे काम सुरू केले आणि पुढे घराण्याला तुळशीबागवाले हेच नाव पडले. बाहेर कानातल्यांचे आणि भातुकलीच्या भांड्यांचे ढीग आहेत, त्यांच्यामधल्या कमानीतून आत गेले की दहा पावलांत आवाज निवळतो. वर पाहिले तर सुमारे १४० फूट उंच शिखर आहे आणि बाहेरच्या गल्लीतून ते ताडपत्र्यांमुळे दिसतच नाही. मी तीस वर्षे तिथे खरेदी करते आहे, पण मला ते प्रथम पाचव्या वर्षी दिसले, तेही पावसामुळे आत पळाले म्हणून.

अनवाणी
सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचना एका कागदावर उतरवून आईला घेऊन गुरुवारी पुन्हा गेलो. कसबा पेठ मेट्रो स्थानकात सकाळी साडेसातला उतरलो. कसबा गणपती, तांबट आळी, लाल महाल, फरासखाना, जोगेश्वरी, अप्पा बळवंत चौक, विश्रामबागवाडा, तुळशीबाग आणि मंडई, असे गेलो. परत येताना आईच्या आग्रहाने बेलबागेकडे वळलो. अर्ध्या तासाच्या रस्त्याला चार तास लागले.

बाहुलीच्या हौदाबद्दल विटकरी यांचा तर्क बरोबर ठरला. नाव काढताच आईला आठवले की तिची आजी मुलींना शाळेत जायचा कंटाळा आला की त्या हौदाची गोष्ट सांगत असे. तांबट आळीत आम्हाला आवाज मिळाला. आईने एका कारागिराशी बंबाच्या नळीवरून पाऊण तास चर्चा केली आणि काहीही विकत घेतले नाही.

तिसऱ्या ठिकाणाचे कोडे आईनेच सोडवले. त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती पावले मोजत आत गेली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे आता विजेच्या सामानाच्या दुकानांची चार मजली इमारत आहे. ओळखीचे काहीच नव्हते, पण गल्ली त्या जागी डावीकडे हातभर वाकते आणि लगेच पुन्हा सरळ होते. आई म्हणाली, आमच्या वाड्याची देवडी इथे पुढे आलेली होती, म्हणून हातगाडीवाल्यांना वळसा घ्यावा लागे. वाडा गेला, देवडी गेली, मालक दोनदा बदलले, आणि समोरासमोरच्या घरांनी आपापल्या हद्दी न सोडल्यामुळे तो वळसा राहिला. आम्ही तिथे उभे असताना खोकी लादलेली एक हातगाडी आली आणि ती त्याच जागी वळली.

पहिल्या दिवशीचा माझा खवचट प्रश्न मागे घेतो.

कसब्याचा
अशा वाकणाऱ्या गल्ल्या कसब्यात मोजायला बसलो, तर एक दिवस पुरणार नाही. आता मलाच बाहेर पडून पाहावे लागेल. गल्लीचे नाव मात्र इथे लिहू नये, नाहीतर पुढच्या वारसा फेरीत ती भिंत मस्तानीची होईल.

देवडी
अनवाणी, एक विनंती आहे. आईंना समोर बसवून त्या वाड्याचा आराखडा आठवेल तसा कागदावर काढून घ्या. चौक किती होते, विहीर कुठे होती, जिना कोणत्या बाजूने चढत होता, कोणते बिऱ्हाड कुठे राहत होते. मापे चुकली तरी चालतील. त्यांच्या भावंडांपैकी कोणी असेल, तर त्यांच्याकडूनही स्वतंत्रपणे काढून घ्या.

अनवाणी
देवडीताई, आपल्या सांगण्यावरून काल आईकडून आराखडा काढून घेतला आणि फोटो काढून साताऱ्याच्या मावशीला पाठवला. आईच्या चित्रात विहीर मागच्या चौकात आहे, मावशीच्या म्हणण्याप्रमाणे ती पुढच्या चौकात होती आणि आई तेव्हा फार लहान होती. दोघींचे काल रात्री सव्वा तास फोनवर बोलणे झाले आणि आज सकाळी सातला मावशीचा पुन्हा फोन आला आहे. निर्णय झाला की कळवतो.